रजावसूल गृहस्थ

पुण्यातल्या कार्यालयांमध्ये आजारी असल्याचं कळवून पानशेतला जाणारे पुष्कळ. पानशेतला जाऊन आजारी पडणारा एखादाच. पहिल्या जमातीला साहेब ओळखून असतात. सोमवारी सकाळी खोकत खोकत फोन येतो, मागून "दादा, लिंबू जास्त लावू का?" असं कणीसवालीचं विचारणं ऐकू येतं, आणि साहेब "काळजी घ्या" म्हणून फोन ठेवतात. गेल्या महिन्यात त्यांचंही पोट असंच मुळशीला जाऊन बिघडलेलं असतं. सगळा मामला समजुतीचा. त्यात मिठाचा खडा टाकतो तो रजावसूल गृहस्थ. हा रीतसर अर्ज करून सुट्टीवर जातो, तिथे खरोखर आजारी पडतो आणि परत आल्यावर पहिल्याच दिवशी आस्थापना शाखेत उभा राहून सांगतो, "मधले चार दिवस माझ्या अर्जित रजेतून वगळा. त्या दिवसांत मी सुट्टीवर नव्हतो, आजारी होतो."

हा गृहस्थ बहुधा वरिष्ठ लिपिक असतो. वय पन्नाशीच्या अलीकडचं-पलीकडचं. टेबलाच्या काचेखाली इतरांचा बालाजी असतो, याचा रजेचा तक्ता. १ जानेवारीला १५ दिवस अर्जित रजा जमा, १ जुलैला आणखी १५, अर्धवेतनी रजा वर्षाला २०, किरकोळ ८. निवृत्तीच्या वेळी शिल्लक अर्जित रजेचे ३०० दिवसांपर्यंत पैसे मिळतात, हे त्याला नोकरीच्या पहिल्या महिन्यात कळलं आणि तेव्हापासून तो अर्जित रजेच्या दिवसाकडे दिवस म्हणून पाहूच शकलेला नाही. रिसॉर्टचं भाडं जास्त आहे अशी कुरकुर घरातून झाली, की तो म्हणतो, "भाड्याचं काय घेऊन बसलीस? माझी पाच दिवसांची रजा धरलीस का त्यात?"

किरकोळ रजेचं त्याला काही वाटत नाही. ती ३१ डिसेंबरला तशीही मरते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सरकारी कार्यालयं ओस पडतात ती याचमुळे. त्यात नाताळचा वाटा थोडा.

तर असा हा गृहस्थ पाच दिवसांची अर्जित रजा टाकतो. सोमवार ते शुक्रवार. २०२० च्या फेब्रुवारीअखेरीपासून राज्य सरकारात पाच दिवसांचा आठवडा झाला, त्यामुळे मागचे शनिवार-रविवार आणि पुढचे शनिवार-रविवार जोडून घेण्याची परवानगी मागितली की पाच दिवसांत नऊ दिवस बसतात. अर्जाच्या शेवटी "मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळावी" हे वाक्य तो विसरत नाही. पानशेत पुण्यापासून चाळीसेक किलोमीटर. सिंहगड रस्ता मोकळा सापडला, तर माणूस खडकवासल्यावरून दीड तासात पोचतो. तरी परवानगी ती परवानगी.

पानशेतला पोचल्यावर इतर लोक पाणी बघतात. हा साठा बघतो. आंबी नदीवरचं पानशेत १०.६५ टीएमसी, शेजारी मोसे नदीवरचं वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१ आणि खडकवासला १.९७. पावसाळ्यात पुण्यातली वर्तमानपत्रं हे आकडे टक्केवारीसह रोज छापतात आणि हा ते रोज वाचतो. आरंभीची शिल्लक, जमा, खर्च, अखेरची शिल्लक: त्याच्या लेखी धरण म्हणजे पाण्याचा रजालेखाच. जलाशयाला तानाजीसागर म्हणतात, हेही तो मुलांना सांगतो. पण आधी टीएमसी.

शनिवारी संध्याकाळी पिठलं-भाकरी, रविवारी बोटिंग आणि कांदाभजी. दिवाळीनंतरचे दिवस असतात. तंबू पाण्यालगत असतो आणि पहाटे तिथे हाडं वाजतात. सोमवारी मुलांच्या नादाने तो पाण्यात उतरतो. मंगळवारी सकाळी अंगात एकशे दोन ताप आणि पोटात कळ. बायको म्हणते, "अहो, चला, घरी जाऊ या." तो पांघरुणातून हात बाहेर काढून थर्मामीटर मागतो आणि त्याचा फोटो काढायला सांगतो. "वेळ दिसेल असा काढ. आणि मागे धरण नको."

पुढचा प्रसंग जवळच्या दवाखान्यातला.

"काय होतंय?" डॉक्टर विचारतात.

"तारीख आजचीच घालाल ना?"

"ताप कधीपासून आहे?"

"नोंदणी क्रमांक शिक्क्यात आहे ना तुमच्या? नाही, हल्ली नसला की परत पाठवतात."

डॉक्टर जीभ बघतात, पोट दाबून बघतात, सलाइनचं विचारतात. तो सलाइन नको म्हणतो, मग पावती मिळत असेल तर लावा म्हणतो. चार दिवस विश्रांतीचा सल्ला असलेलं सिक सर्टिफिकेट तो घडी न घालता फाइलमध्ये ठेवतो, म्हणजे फाइल त्याने सुट्टीला बरोबर आणलेली असते. शुक्रवारी संध्याकाळी पुन्हा तिथेच जाऊन फिट सर्टिफिकेट. सिक आहे आणि फिट नाही, अशा माणसाला सरकार हजर करून घेत नाही.

इतका बंदोबस्त करून माणूस सोमवारी कार्यालयात येतो आणि साहेब मोबाइल पुढे धरतात. त्यावर साहेबांच्या बायकोने पाठवलेला स्क्रीनशॉट. रजावसूलच्या बायकोने रविवारी ठेवलेलं स्टेटस: सगळं कुटुंब बोटीत, लाइफ जॅकेटं घातलेली, आणि मधोमध हा, हातात भजं.

"तापात बोटिंग केलंत?"

"साहेब, ताप मंगळवारी आला. हे रविवारचं आहे. रविवार तर रजेत धरलेलाच नाही."

"पानशेतला असं झालं तरी काय? परत फुटलं का?"

साहेबांची पिढी जुनी. त्यांच्या घरात पानशेत म्हणजे १२ जुलै १९६१. बांधकाम पुरतं व्हायच्या आत पावसाळ्याचं पाणी साठलं, जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, तरी सकाळी भिंत गेली; मागोमाग खडकवासलाही गेलं आणि नदीकाठचं पुणं पाण्याखाली बुडालं. त्या नावापुढे पोटदुखी कुणालाही फिकीच वाटणार. आणि नव्या पिढीला पानशेत म्हणजे तंबू, शेकोटी, गाणी. तिथे कुणी आजारी पडू शकतं, यावर दोन्ही पिढ्यांचा विश्वास नाही. तोच मनालीला पडला असता, तर निदान सहानुभूती मिळाली असती. चाळीस किलोमीटरवरचं आजारपण ही संशयाचीच जागा.

इथे एक सांगायला हवं. गृहस्थ हसण्यासारखा असला, तरी त्याचं म्हणणं चुकीचं नाही. महाराष्ट्राचे रजा नियम १९८१ चे. त्यांच्या आरंभीच रजा हक्क म्हणून मागता येत नाही, असं बजावलेलं आहे. हे वाक्य प्रत्येक कार्यालयात ज्याला बाकी एकही नियम ठाऊक नाही त्यालाही पाठ असतं. पण त्याच नियमांत, केंद्राच्या १९७२ च्या नियमांसारखीच, एक खिडकी आहे. आधी घेतलेली एका प्रकारची रजा नंतर दुसऱ्या प्रकारात बदलून मिळू शकते. विनंती कर्मचाऱ्याची, मर्जी मंजूर करणाऱ्याची. म्हणजे चार दिवसांची अर्जित रजा वैद्यकीय प्रमाणपत्रावर परिवर्तित रजेत बदलायची. अर्धवेतनी खात्यातून त्याच्या दुप्पट, आठ दिवस, वजा होतात आणि चार दिवस अर्जित खात्यात परत येतात. शंभरातल्या नव्वदांना ही खिडकी माहीत नसते. रजावसूल गृहस्थ आयुष्यभर तिच्याजवळ खुर्ची टाकून बसलेला असतो.

खासगी नोकरीत ही खिडकीही सापडत नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ नैमित्तिक रजा आहेत, वर्षात २४० दिवस काम केलेल्याला दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा आहे, ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. आजारपणाची वेगळी रजा त्यात नाही. ती कंपनीच्या मनावर. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने तर गंमतच केली होती. एरवी रजेचा अर्ज पंधरा दिवस आधी द्यायचा. पण कामगार आजारी पडला आणि त्याला शिल्लक रजा आजारपणात वापरायची असली, तर उशिरा केलेला अर्जही चालेल, अशी सवलत त्यात होती. आजारपणाने सुट्टी खावी, याला कायद्याची तयारी. खाल्लेली सुट्टी आजारपणाने परत ओकावी, याबद्दल चकार शब्द नाही.

हिंजवडीत काम करणारा त्याचा पुतण्या या बाबतीत काकांपेक्षा दुबळा. त्याचाही ताप एकदा सुट्टीतच निघाला. त्याने पोर्टलवर सिक लीव्ह टाकली, तर पोर्टल म्हणालं, या तारखांना आधीच रजा मंजूर आहे. ती रद्द करायला गेला, तर मागील तारखेची रजा रद्द होत नाही. मॅनेजर म्हणाले एचआरला विचार, एचआर म्हणाली मॅनेजरला विचार. तिसऱ्या दिवशी त्याने नाद सोडला. काका म्हणाले, "तुमच्या पिढीत चिकाटीच नाही."

चिकाटीला खतपाणी मिळालं ते श्टुटगार्टहून. तिथे असलेल्या मेहुण्याने एकदा फोनवर सहज सांगितलं, की आमच्याकडे सुट्टीत आजारी पडलं आणि डॉक्टरचा कागद दिला, की ते दिवस सुट्टीत धरतच नाहीत. १९६३ पासून कायदाच आहे. रजावसूल गृहस्थ त्या रात्री झोपला नाही. इतकी वर्षं आपण चुकीच्या देशात आजारी पडत होतो, हे त्याला उशिरा कळलं.

मग त्याने शोध घेतला आणि त्याला माद्रिदचा टोइंगवाला सापडला. हा माणूस, पेरेडा, रस्त्यात आडव्यातिडव्या लावलेल्या गाड्या उचलणाऱ्या कंपनीत चालक होता. २००७ साली कंपनीच्या तक्त्याप्रमाणे त्याची सुट्टी १६ जुलै ते १४ ऑगस्ट अशी लागली. ३ जुलैला कामावर अपघात झाला आणि १३ ऑगस्टपर्यंत तो घरी पडून. सुट्टीतला हाताशी राहिला एक दिवस. त्याने नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सुट्टी मागितली, कंपनीने कारण न देता नाकारली. प्रकरण युरोपीय संघाच्या न्यायालयात गेलं आणि १० सप्टेंबर २००९ ला निकाल लागला: सुट्टी आरामासाठी असते, आजारी रजा बरं होण्यासाठी, दोन्ही एकात मोजू नका. २१ जून २०१२ ला त्याच न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकलं. या वेळी स्पेनमधल्या मोठ्या दुकानांची संघटना समोर होती. आजारपण सुट्टीच्या आधी आलं की मध्येच आलं, याने फरक पडत नाही, असं न्यायालय म्हणालं. डेन्मार्क त्यातल्या त्यात हिशेबी निघालं: सुट्टीतल्या आजाराचे पहिले पाच दिवस तुमचे तुम्ही सोसा, भरपाई सहाव्यापासून.

डेन्मार्कबद्दल रजावसूलचं मत फारसं चांगलं नाही. टोइंगवाल्याबद्दल मात्र तो गहिवरून बोलतो, आणि लक्ष्मी रोडवरून ज्याची स्कूटर उचलली गेलेली आहे अशा पुणेकराने टोइंगवाल्याबद्दल गहिवरावं, ही लहान गोष्ट नाही.

निकालाची सतरा-अठरा पानांची छापील प्रत त्याने अर्जाला "सहपत्र क्र. ३" म्हणून जोडली. सहपत्र १ सिक, सहपत्र २ फिट, सहपत्र ३ युरोप. आस्थापना शाखेतल्या मॅडमनी टिपणीत लिहिलं, "सहपत्र क्र. ३ मधील न्यायालयाचे आदेश या कार्यालयास प्राप्त नाहीत." फाइल साहेबांकडे गेली, साहेबांनी "चर्चा करावी" असा शेरा मारला. चर्चा व्हायची तेव्हा साहेब दौऱ्यावर. मग फाइल खाली आली ती त्रुटी घेऊन, आणि ती त्रुटी अस्सल होती. प्रमाणपत्रावरच्या शिक्क्यात लिहिलं होतं, मु. पो. पानशेत, ता. वेल्हे. मॅडम म्हणाल्या, "भाऊसाहेब, वेल्हे तालुक्याचं राजगड झालं की. २०२४ मध्येच मंत्रिमंडळाने घेतलाय निर्णय. मग हा शिक्का कुठल्या तालुक्याचा?"

दुसरा कुणी असता तर मॅडमवर चिडला असता. हा खूश झाला. इतक्या बारकाईने आपला कागद कुणीतरी वाचला, हे सेवेत पहिल्यांदाच घडत होतं. त्याने एक किरकोळ रजा टाकली आणि सकाळच्या एसटीने पानशेत गाठलं. डॉक्टर त्या दिवशी पुण्याला गेले होते, रजेवर. दुसऱ्या आठवड्यात आणखी एक किरकोळ. या वेळी डॉक्टर भेटले, त्यांनी शिक्का तोच मारला, पण खाली पेनाने "राजगड" असं लिहून सही केली, आणि वर म्हणाले, "तुम्ही बरे आहात ना आता?" या प्रश्नाचं उत्तर त्याच्याजवळ तयार नव्हतं. तो कशासाठी आजारी होता, हेच मधल्या काळात मागे पडलं होतं.

साडेतीन महिन्यांनी आदेश निघाला. चार दिवसांची अर्जित रजा परिवर्तित रजेत बदलण्यास सक्षम प्राधिकाऱ्याची मंजुरी, "खास बाब म्हणून, पूर्वोदाहरण समजू नये". सेवापुस्तकात लाल शाईने नोंद झाली. शेजारच्या टेबलावरच्याने हिशेब मांडून दाखवला: चार परत मिळाले, अर्धवेतनीचे आठ गेले, किरकोळ दोन गेल्या, एसटीचं भाडं आणि झेरॉक्स वेगळी. रजावसूलने त्याच्याकडे दयेने पाहिलं. अर्धवेतनी आणि किरकोळ, यांना तो रजेत धरतच नाही.

नंतर त्याने काचेखालचा तक्ता काढला, २८७ च्या जागी २९१ लिहिलं आणि फोन उचलला. मुलं पुन्हा पानशेतचा हट्ट धरून बसली होती. रिसॉर्टवाल्याने खोल्या, जेवण, बोट, शेकोटी असं सगळं पाठ म्हणून दाखवलं.

"ते असू द्या हो," तो म्हणाला. "तुमच्याजवळ दुसरे कुणी डॉक्टर आहेत का? त्यांच्या शिक्क्यावर तालुका कुठला आहे, तेवढं बघून सांगा."