पिशवीवाले मामाजी

मामाजींच्या आधी त्यांची पिशवी येते. खताची, बंद तुटलेली, तोंडाला सुतळीची गाठ मारलेली. ती माझ्या टेबलावर आदळते, मग मामाजी बसतात, चहा येतो, आणि बशी रिकामी झाल्यावर विषय निघतो, ‘‘वकीलसायब, थोडासा काम होता जी.’’

थोडासा काम म्हणजे चार वर्षांचं न भरलेलं आयकर रिटर्न. मीही काही वकील नाही. बी. कॉम. होऊन लोकांची रिटर्नं भरतो. पण आमच्या पवनीत टेबलावर प्रिंटर असला की माणूस वकीलसायब होतो.

मामाजींना बुडवे म्हणाल तर पाप लागेल. वैजेश्वराच्या देवळाची वर्गणी ते मागण्याआधी देतात, किराणावाल्याची उधारी महिन्याच्या महिन्याला फेडतात. सिमेंट-लोहाचं दुकान, जोडीला कालव्याची लहानसहान ठेकेदारी, थोडं धान. फक्त रिटर्न म्हटलं की त्यांचा हात थांबतो. भरायची मुदत 31 जुलैची असायची, तेव्हा रोवणी. दंड भरून उशिरा दाखल करायची मुदत 31 डिसेंबरची. तेव्हा धानाची मळणी. मधल्या काळात पितृपक्ष, दिवाळी आणि साळीचं लग्न. सरकारनं एखादी तारीख मे महिन्यात ठेवली असती, तर मामाजींनी ‘ऊन किती आहे जी’ म्हटलं असतं.

त्यांचं करशास्त्र तीन सूत्रांचं. पहिलं : ‘‘टीडीएस कटला ना, मंग टॅक्स भरला ना!’’ दुसरं : ‘‘आपली शेती आहे जी, शेतीले टॅक्स नाही.’’ हे खरं आहे. पण मामाजींच्या हिशेबात सिमेंटही शेतातच पिकतं. तिसरं सूत्र गोसीखुर्दवरून आलेलं. 1988 साली पायाभरणी झालेलं हे धरण याच तालुक्यातलं. ‘‘त्याले एवढे वर्सं लागले, कोनी नोटीस देल्ली का? माह्ये तं चारच झाले.’’ यावर मी एकदाच बोललो : ‘‘मामाजी, ते 372 कोटींचं होतं. आता आकडा हजारो कोटींत गेला. तुमचाही जाईल.’’ मामाजींनी दुसरा चहा मागवला.

या खेपेला ते आले, कारण पोराला घर बांधायचंय आणि बँकेनं तीन वर्षांची रिटर्नं मागितली. आयकराच्या नोटिशीला न घाबरणारा माणूस बँकेच्या कारकुनाला घाबरतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

मग पिशवीचं उत्खनन. आमच्या जगन्नाथ टेकडीवर 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्यानं खोदून प्राचीन स्तूप काढला, तेव्हाही एवढी धूळ उडाली नसेल. वरच्या थरात विजेची बिलं, खाली टीडीएसची प्रमाणपत्रं, त्याखाली पत्रिका, सातबारे, एक मोडका चष्मा. अगदी तळाशी जुन्या हजाराची नोट. ती त्यांनी उजेडात धरून पाहिली आणि मुकाट्यानं परत ठेवली.

हिशेब जुळवला तर गंमत निघाली. दोन वर्षं दुकान जोरात चाललं होतं, त्यांवर कर निघाला. मुदत टळलेल्यांसाठी 2022 पासून अपडेटेड रिटर्नची सोय आहे, 2025 मध्ये तिची मुदत चार वर्षं झाली. पण जादा भार पहिल्या वर्षी कर आणि व्याजाच्या 25 टक्के, मग 50, 60 आणि चौथ्या वर्षी 70. उरलेल्या दोन वर्षांत मात्र उत्पन्न करपात्र नव्हतंच. टीडीएस कापलेला, म्हणजे सरकारच मामाजींचं देणं लागत होतं. वेळेत भरलं असतं तर पैसे खात्यात आले असते. अपडेटेड रिटर्नवर परतावा मागताच येत नाही.

‘‘माहाच पैसा, अन् मलेच नाही?’’ मामाजी पहिल्यांदा चिडले.

उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो म्हटलं, पण त्याला सबळ कारण लागतं. मामाजी खुलले. ‘‘पूर लिहा ना जी! 2020 ले वैनगंगेले केवढा पूर आल्ता! सारे कागद वाहून गेले.’’

मी टेबलावर पाहिलं. 2020 चं टीडीएस प्रमाणपत्र कोरडं ठणठणीत, शिक्क्यासकट पसरलेलं होतं. तो अर्ज मी अजून लिहिलेला नाही.

करपात्र दोन वर्षांची रिटर्नं मात्र भरली. जादा कराचा आकडा पाहून मामाजी म्हणाले, ‘‘एवढ्यात तं स्लॅबचं लोहा आलं असतं.’’ आता पडताळणीला फक्त ओटीपी हवा होता. तो आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो, आणि मामाजींचा तो नंबर बंद पडून सहा वर्षं झाली. आधार केंद्र माझ्या दुकानापासून पाच मिनिटांवर आहे. नंबर बदलून या म्हटलं. ‘‘उद्या जातो ना जी.’’

पडताळणीला 30 दिवस मिळतात. आज सत्ताविसावा आहे. पिशवी माझ्याचकडे आहे.