राजीनामा जरा उशिरा द्या

आकुर्डीत सध्या दोन गोष्टी फुकट मिळतात. मेट्रोच्या कामाची धूळ आणि 'नोकरी सोड, स्वतःचं काहीतरी कर' हा सल्ला.

धूळ निदान खिडकीवर बसते. सल्ला थेट डोक्यात जातो.

पिंपरीहून निगडीकडे निघालेला मेट्रोचा वाढीव मार्ग जेमतेम साडेचार किलोमीटरचा. चिंचवड, आकुर्डी, निगडी, भक्ती-शक्ती, संपला. पण तेवढ्यात जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या काचा एका रंगाच्या झाल्या. बँक, दवाखाना, क्लास, सोन्याचं दुकान, सगळीकडे समानता आली. राजकारण्यांना जमलं नाही ते कंत्राटदाराने करून दाखवलं.

आता एवढी धूळ दिसल्यावर कुणाच्या तरी मनात येणारच, की खिडक्या पुसायचा धंदा टाकावा. आणि हे ज्याच्या मनात येतं, तो बहुतेक वेळा आधीपासूनच खिडक्या पुसत असतो. दुसऱ्याच्या पगारावर.

हाउसकीपिंग एजन्सीतला सुपरवायझर घ्या. कंपनी एजन्सीला माणशी किती देते आणि पोरांच्या हातात किती पडतात, हे दोन्ही आकडे ज्याला एकाच दिवशी कळतात, त्याची निम्मी नोकरी त्याच दिवशी सुटलेली असते. उरलेली निम्मी तो हप्त्यापायी करत राहतो.

भांडवल तरी काय लागतं? वायपर, पोल, बादली, मायक्रोफायबरचं फडकं, शिडी. मोटारसायकल असतेच. मुद्रा योजनेच्या सगळ्यात खालच्या पायरीवर, 'शिशु'मध्ये, ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, आणि एवढं सामान त्यात आरामात बसतं. बँकेचा साहेब मात्र आधी प्रोजेक्ट रिपोर्ट मागतो. काच मळते, आम्ही पुसतो, लोक पैसे देतात. यातलं तिसरं वाक्य सिद्ध करायला सांगितलं की गाडी अडते.

सामानाचीच एक गंमत. काच पुसायच्या रबरी पट्टीच्या वायपरला आजचं रूप देणारा एत्तोरे स्टेक्कोने हा इटलीतून अमेरिकेत गेलेला माणूस, स्वतः खिडक्या पुसणारा. १९३० च्या दशकात त्याने पितळेचं हलकं हत्यार बनवलं, त्याचं पेटंट घेतलं आणि कंपनी काढली. कंपनी खिडक्या पुसायची नव्हे, वायपर विकायची.

शहाणा होता.

सामान आलं. पाणी? नोव्हेंबर २०१९ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने दिवसाआड पाणीपुरवठा सुरू केला. तात्पुरता म्हणून सुरू झाला आणि अंगवळणी पडला. म्हणजे ज्या शहरात पिण्याचं पाणी दिवसाआड, तिथे काचा धुवायला नळ कोण सोडणार? सोसायटीचे चेअरमन बोअरच्या नळाकडे बोट दाखवतात. बोअरच्या पाण्यात क्षार. पुसताना काच लख्ख, वाळली की पांढरे डाग. मग चेअरमनच विचारतात, "काय हो, हे पुसलंत की रंगवलंत?"

म्हणून जाणते लोक आरओच्या पाण्याचे कॅन सोबत नेतात. सोसायटीच्या खिडकीला असं पाणी मिळतं, जे खिडकीमागच्या माणसाला रोज मिळत नाही.

आता गिऱ्हाईक. निगडी प्राधिकरणातले बंगले दसरा-दिवाळीच्या आधी बोलावतात. सगळे एकाच आठवड्यात. उरलेलं वर्ष त्यांच्या खिडक्या आणि तुमचा फोन, दोन्ही बंद. सोसायट्या तीन कोटेशन मागतात, एका विंगची एक बाजू 'सॅम्पल' म्हणून फुकट पुसून घेतात. तीन कोटेशनवाल्यांच्या तीन बाजू झाल्या, की चौथ्या बाजूसाठी बैठक बोलावतात. या व्यवहारज्ञानासाठी लोक एमबीए का करतात, कळत नाही.

आणि उंच इमारती? तिथे काम दोरावरचं. गच्चीतून दोर सोडायचा, बेल्ट बांधायचा आणि दहाव्या मजल्याच्या काचेला बाहेरून नमस्कार करायचा. खाली खुर्ची टाकून बसलेले काका ओरडतात, "डावीकडचा कोपरा राहिला!" कोटेशनमध्ये पोराचा विमा, दुसरा सुरक्षा दोर, चांगल्या प्रतीचा बेल्ट लिहिला, की कोटेशन महाग होतं. शेजारच्याने ते सगळं वगळलेलं असतं.

शेजारच्याचं पास होतं. पुढे काही झालं, तर कमिटी म्हणते, ते आमच्याकडे नव्हतेच, कॉन्ट्रॅक्टरकडे होते.

राहिल्या कंपन्या. इथे खरा पैसा आहे, असं म्हणतात. २० लाखांच्या आत उलाढाल असली तर सेवेच्या धंद्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. पण परचेस खात्याचा पहिला प्रश्न जीएसटी नंबरचा. दुसरा व्हेंडर कोडचा. तिसरा, तीन वर्षांच्या ताळेबंदाचा. काल राजीनामा दिलेल्या माणसाने तीन वर्षांचा ताळेबंद आणायचा कुठून? मागच्या जन्मातून?

समजा, हे सगळं पार पडलं. काचा चकाचक झाल्या. बिल दिलं.

आणि आता थांबा.

सूक्ष्म-लघु उद्योगांसाठीचा २००६ चा कायदा म्हणतो, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्या, करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे जाऊ नका. गेलात तर चक्रवाढ व्याज. एप्रिल २०२४ पासून तर आयकरानेही दट्ट्या लावलाय: मुदतीत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी वजा धरायचा नाही. कागदावर खिडकीवाला राजा आहे. हा कायदा जरूर वापरावा. एकदाच वापरता येतो. त्यानंतर त्या कंपनीच्या गेटवर तुमचा पास बनत नाही.

पोरांना मात्र दहा तारखेला पगार लागतो. त्याआधी उचल लागते. गावी जत्रा असली की उचलीवर उचल लागते. कंपनीचं अकाउंट खातं म्हणतं, साहेब दौऱ्यावर आहेत. पोरं म्हणतात, दादा, घरभाडं थकलंय. नोकरीत असताना हाच माणूस महिन्याचा पगार चार दिवस लांबला तर एजन्सीच्या मालकाला शिव्या घालायचा. आता त्याला मालकाची बाजू समजू लागते. धंद्यातला पहिला नफा तो हाच.

एवढ्यात व्याख्यानवाले येतात. प्रत्येक उद्योजक मेळाव्यात एक उदाहरण ठरलेलं. इथलंच, चिंचवडचं. हणमंतराव गायकवाड, भारत विकास ग्रुप, म्हणजे बीव्हीजी. रहिमतपूरचा मुलगा, पुण्यात अभियांत्रिकी शिकला, टेल्कोत लागला, साफसफाईच्या धंद्यात उतरला आणि संसद भवन, राष्ट्रपती भवनाच्या स्वच्छतेपर्यंत पोचला. महाराष्ट्रातली १०८ नंबरची रुग्णवाहिका सेवाही त्यांच्याकडे आली. वक्ता इथे आवाज चढवतो: त्यांनी नोकरीला लाथ मारली! टाळ्या.

मारली का हो?

जरा क्रम बघा. आधी नोकरी. मग नोकरीत असताना पडून असलेल्या जुन्या केबल कामाला लावून कंपनीचा पैसा वाचवला, साहेबांच्या नजरेत भरले. मग १९९७ मध्ये त्याच टेल्कोच्या इंडिकासाठी उभ्या राहणाऱ्या कारखान्यात साफसफाईचं काम त्यांच्या संस्थेला मिळालं. माणसं आठ. राजीनामा त्यानंतरचा. पहिलं गिऱ्हाईक कोण, तर स्वतःचा मालक. लाथ मारली असती, तर कंत्राट कुणी दिलं असतं?

पण हे व्याख्यानात सांगता येत नाही. 'आधी गिऱ्हाईक धरा, मग राजीनामा टंकून ड्रॉवरमध्ये ठेवा आणि दोन बिलं हातात पडेपर्यंत ड्रॉवर उघडू नका' या वाक्याला टाळ्या पडत नाहीत. तिकिटं तर नाहीच खपत. बरं, हे ओरडून सांगणाऱ्यांत स्वतः नोकरी सोडलेले किती आणि सोडायला सांगणं हीच ज्यांची नोकरी ते किती, हेही एकदा मोजायला हवं.

आकुर्डीकराला खरं तर हे शिकवायची गरज नाही. इथे माणसाने नोकरी सोडायच्या आधी नोकरीच माणसाला सोडते. २००७ मध्ये बजाजच्या आकुर्डीच्या कारखान्यातलं वाहनांचं उत्पादन थांबलं. कामगारांपुढे स्वेच्छानिवृत्ती आली. स्वेच्छा नक्की कुणाची, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. आलेल्या पैशांत कुणी टेम्पो घेतला, कुणी गावी घर बांधलं, कुणी पोराला इंजिनीअर केला. २०२२ मध्ये आकुर्डीतच विजेच्या चेतकचा नवा कारखाना उभा राहिला. स्कूटर परत आली. जुनी माणसं बाहेरच राहिली.

तरी घरचे म्हणणारच, कंपनीत चिकट. मुलीकडचेही विचारणार, पीएफ कापतात का? 'माझा पीएफ मीच कापतो' असं सांगून पाहा. पोहे अर्ध्यावर उचलले जातात.

आणि धंदा चाललाच, तर तो वाढवायचाही असतो. २०१७ च्या राज्याच्या दुकाने-आस्थापना कायद्यात २०२५ पर्यंत दहापेक्षा कमी माणसं असली की नोंदणीची गरज नव्हती, नुसती सूचना पुरायची. त्यामुळे आपल्याकडचे कितीतरी धंदे नऊ माणसांवर येऊन वाढायचे थांबले.

कागदावर.

एक भीती तेवढी काढून टाकू. एजन्सीने रुजू होताना बाँड लिहून घेतलेला असतो: सोडून गेल्यावर दोन वर्षं हाच धंदा करणार नाही, आमच्या गिऱ्हाइकाकडे फिरकणार नाही. स्टॅम्प पेपर, फोटो, अंगठा, सगळं. पोरं बिचारी घाबरून असतात. १८७२ च्या करार कायद्यातलं कलम २७ सांगतं, की कुणालाही कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. इंग्रज गेले, कलम राहिलं. अर्थात नोकरीत असताना, मालकाच्याच पेट्रोलवर, मालकाचंच गिऱ्हाईक फोडायला कायदा संरक्षण देत नाही. ते ज्याचं त्याने निभवावं. पण नोकरी सुटल्यावर तुमचं फडकं तुमचं.

हे कलम आता त्या माजी सुपरवायझरला तोंडपाठ आहे. नऊ पोरं आहेत त्याच्याकडे, त्यातला एक चुणचुणीत. कंपनीवाले हल्ली त्यालाच परस्पर फोन करतात.

म्हणून परवा आपला दादा नोटरीकडे जाऊन आला. बाँड तयार आहे. मजकूर जुन्या एजन्सीचाच, दोन वर्षांच्या अटीसकट, वर फक्त मालकाचं नाव बदललंय. तेव्हा शंभरच्या स्टॅम्प पेपरवर भागलं होतं, आता राज्य सरकार पाचशेचा लावतं. ते चारशे तो पोराच्या उचलीत धरणार आहे.