पहिल्या तासाचे कायदे

सेमिस्टरच्या पहिल्या तासाला प्राध्यापकाइतका कडक माणूस शोधून सापडायचा नाही. अजून कुणी उशिरा आलेलं नसतं, एकही असाइनमेंट थकलेली नसते, आणि मॅडम मात्र फळ्यासमोर उभ्या राहून पुढल्या पाच महिन्यांतल्या सगळ्या गुन्ह्यांच्या शिक्षा आगाऊ वाचून दाखवत असतात. मुलं निमूट ऐकतात. निमूट, कारण मनात हिशेब चालू असतो.

हिशेब हजेरीचा. चार क्रेडिटचा पेपर म्हणजे ६० तास. ७५ टक्के हजेरी सक्तीची, म्हणजे ४५ तास. आपण सांगतो ४५, मुलं ऐकतात १५. हे १५ तास म्हणजे आपली हक्काची रजा, असं धरून ती अगदी कसोशीने वापरली जाते. एखाद्याची शिल्लक राहिली तर शेवटच्या आठवड्यात तो हळहळतो. त्यातून कुणाला टोकलं तर टिळकांचा दाखला तयार असतो. टिळकांनी डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष शरीर कमावण्यात घालवलं आणि परीक्षेत नापास झाले, एवढं चरित्र सगळ्यांना पाठ. पुढे त्यांनी गणितात पहिल्या वर्गात बी.ए. केलं, हा भाग पाठांतरातून सुटलेला असतो. शिवाय वर्षभर जोर-बैठका काढलेला एकही मुलगा माझ्या डिफॉल्टर यादीत मला अजून दिसलेला नाही.

मी अर्थशास्त्र शिकवते, तेव्हा या हिशेबीपणाबद्दल तक्रार करायला मला तोंड नाही. नियमाचं असं का होतं, हे आमच्याच शास्त्रात लिहिलेलं आहे. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या १० पाळणाघरांत उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या दोन अर्थतज्ज्ञांनी एक प्रयोग केला. तो २००० साली प्रसिद्ध झाला. पालक मुलांना न्यायला उशिरा यायचे, म्हणून त्यातल्या ६ पाळणाघरांत दंड लावला. उशीर वाढला, जवळजवळ दुप्पट झाला. आधी पाळणाघरातल्या बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटायची. आता दंड भरला की फिटलं. नंतर दंड काढून टाकला, तरी गेलेली लाज काही परत आली नाही. हा प्रयोग आमच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांना तोंडपाठ आहे, आणि उशिरा आलेल्या असाइनमेंटचा दिवसाला एक मार्कही सगळेच कापतात. मग एखादा मुलगा येऊन अदबीने विचारतो, "मॅडम, शुक्रवारी दिली तर दोनच जातील ना?" त्याला विषय समजलेला असतो. मार्क कापायला हात धजत नाही.

नियमांचा कागद मात्र दर वर्षी लांबत जातो. बाहेरच्या माणसाला तो वाचून आम्ही लहरी वाटू, पण त्यातली प्रत्येक ओळ कुणा ना कुणाच्या कर्तृत्वाने आलेली आहे. 'हजेरीपत्रकावर स्वतःचीच सही करावी' ही ओळ शेवटच्या बाकावरच्या एका दानशूर मुलाची; तो चौघांच्या सह्या करायचा आणि वर प्रत्येकाचं वळण सांभाळायचा. 'रात्री दहानंतर ग्रुपवर मेसेज टाकू नये' हे कलम ज्या मुलीमुळे आलं, तिने मध्यरात्री विचारलं होतं, "मॅम, झोपलात का?" पाठोपाठ 'सूचनेला ओके मॅम असं उत्तर देऊ नये' हेही घालावं लागलं. ती सूचना टाकल्यावर पहिलं उत्तर काय आलं, ते सांगायला नको.

गेल्या काही वर्षांत एआयचं कलम आलं. असाइनमेंट हातानेच लिहायची, असा आम्ही बंदोबस्त केला आणि निर्धास्त झालो. मुलांनी ती हातानेच लिहिली. एका वहीत पहिलीच ओळ निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात होती: 'नक्कीच! तुमच्या प्रश्नाचे मुद्देसूद उत्तर खालीलप्रमाणे.' खाली लाल पेनाने अधोरेखा. इतक्या नम्रतेने माझ्याशी आजवर कुणी विद्यार्थी बोललेला नव्हता.

एक गोष्ट मात्र खुपते. सराईत मुलगा नियमात क्वचितच सापडतो. सापडतो तो सरळमार्गी. 'दहा मिनिटांनंतर प्रवेश नाही' या नियमाने दाराबाहेर कोण उभं राहतं? कॅन्टीनमधली मंडळी तर तिकडे फिरकतही नाहीत. उभी राहते ती तालुक्याच्या गावाहून पहाटेच्या गाडीने येणारी मुलगी, किंवा रात्रभर पार्सलं पोचवून, तोंडावर पाणी मारून आलेला मुलगा. बंद दार बघून ती मुलं ठोठावत नाहीत, परत फिरतात. म्हणून मी दार लावते, पण कडी घालत नाही. वर्गाला हे ठाऊक आहे. त्याचा गैरफायदा घेणारेही आहेत, आणि ते मला ठाऊक आहेत.

एके वर्षी कागद वाचून झाल्यावर मी उलटा प्रश्न टाकला: तुमच्या माझ्याकडून काय अपेक्षा आहेत? चिठ्ठ्यांवर लिहा, नाव नको. वाटलं होतं, पीडीएफ आणि 'आयएमपी प्रश्न' यांचा पाऊस पडेल. तो पडलाच. पण त्यात इतर चिठ्ठ्याही होत्या. 'मागच्या बाकापर्यंत आवाज यावा.' 'इंग्रजीत सांगितलेलं एकदा मराठीतही सांगा.' 'पेपर लवकर तपासून द्या, कुठे चुकलं ते कळत नाही.' 'आडनावावरून अंदाज बांधू नका.' ही शेवटची चिठ्ठी मी पर्समध्ये ठेवली आहे. एकाने फक्त 'वेळेवर सोडा' लिहिलं होतं. चौदा कलमांच्या आमच्या कागदात यातली एकही गोष्ट नव्हती. त्यातली सगळी कलमं एकाच बाजूची होती.

तेव्हापासून पहिल्या तासाला मी आधी माझ्यावरचे नियम सांगते: तास घड्याळाप्रमाणे सुरू होईल आणि घड्याळाप्रमाणे संपेल, तपासलेले पेपर पंधरा दिवसांत हातात मिळतील, आणि 'माहीत नाही' म्हणण्याचा हक्क मलाही आहे. पंधरा दिवसांचा नियम ऐकल्यावर मुलं पहिल्यांदाच वहीत काहीतरी लिहून घेतात. सोळाव्या दिवशी सकाळी सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी, दारात हजर असतो. माझा अंमल इतका चोख कधीच नव्हता.

तुमच्या घरातलं कुणी यंदा कॉलेजात गेलं असेल, तर त्याला नियमांचा कागद मागू नका. तो त्याच्याकडे नसणार. मॅडमनी पेपर कधी परत द्यायचे कबूल केलेत, ते विचारा. ती तारीख तो झोपेतही सांगेल.