लोंबकळत्या पार्टिसिपलांना अनावृत पत्र

लोंबकळते पार्टिसिपल महाशय,


'वॉकिंग डाउन द रोड, द ट्रीज लुक्ड ग्रीन' असे लिहून झाडांना रस्त्याने चालायला लावल्याबद्दल तुमच्यावर वर्षानुवर्षे लाल शाई ओतली जाते. नियम सरळ आहे: वाक्यारंभीच्या 'वॉकिंग'ला स्वतःचा कर्ता नसतो, म्हणून मुख्य वाक्याचा कर्ता त्याने उसना घ्यायचा. तुम्ही तो घेत नाही. पण म्हणून तुम्हाला सरसकट फाशी? हॅम्लेटच्या बापाचे भूत सांगते, की बागेत झोपेत आपल्याला साप डसला अशी आवई उठवली गेली. तिथली वाक्यरचना काटेकोर पाहिली, तर झोपलेला ठरतो साप! चारशे वर्षांत त्यामुळे कोणाचा घोटाळा झाल्याचे दिसत नाही. 'कन्सिडरिंग', 'रिगार्डिंग' ही तर तुमचीच भावंडे. इतकी लोंबकळली, की कोशांनी त्यांना कायम करून घेतले. फाउलरने १९२६च्या आपल्या इंग्रजी भाषावापराच्या कोशात तुम्हाला झोडपले खरे, पण या मंडळींना त्यालाही सूट द्यावी लागली. म्हणजे दोष लोंबकळण्याचा नाही, वाचक फसण्याचा आहे.

आमच्या विद्यार्थ्यांकडून तुम्हाला आश्रय मिळतो, तो निव्वळ अज्ञानाने नव्हे. 'हे ऐकून मला हसू आले' यात व्याकरणाने कर्ता हसू, ऐकणारा मात्र 'मला'मध्ये बसलेला. मराठीत ते बिनदिक्कत चालते. इंग्रजी तो मान सहसा मुख्य कर्त्यालाच देते. हा फरक समजावण्याऐवजी मार्क कापणे सोपे, हे ओघाने आलेच.

मग नियम शिकवायचाच कशाला, असे कोणी विचारील. 'हॅविंग एक्झामिन्ड द पेपर्स, इट वॉज डिसाइडेड टु रिजेक्ट द ॲप्लिकेशन' अशा पत्रांसाठी. कागद कोणी तपासले? 'इट'ने! तुम्ही म्हणाल, हे पाप कर्मणी प्रयोगाचे. अर्धे त्याचे आहेच. त्याने निर्णय घेणारा लपवला. पण कागद तपासणारा तुम्ही लपवलात, आणि मुळात कोणी तपासले होते की नाही, ही शंकाही त्याच्याबरोबर पोटात घातलीत. सापाच्या वाक्यात झोपणारा कोण ते उघड होते. इथे तपासणारा शोधायला वाक्यात माणूसच नाही. झाडे चालली तर आम्ही हसून सोडून देऊ. अर्जदाराला मात्र अपील करायचे आहे. तेव्हा हे 'इट' कोणत्या मजल्यावर बसते, तेवढे उलट टपाली कळवावे.

आपला,
एक वाचक