मायक्रॉन मिस्त्री

जालन्यात लोखंड टनावर मोजतात. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमधून सळयांचे ट्रक भरून निघतात, आणि काट्यावर दोन-चार किलो इकडचे तिकडे झाले तर कोणी मान वर करत नाही. अशा गावात क्रँक ग्राइंडिंगचे एक मिस्त्री मायक्रॉनवर अडून बसतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा.

मंठ्याचा शेतकरी सकाळी इंजिनाचा क्रँक घेऊन येतो. संध्याकाळच्या आत त्याला पाणी सुरू करायचे असते. मिस्त्री आधी हातातली अंगठी काढतात. मग जर्नल, म्हणजे क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग, मलमलीच्या फडक्याने पुसतात, मायक्रोमीटर लावतात आणि रॅचेट तीनदा वाजू देतात. टिक, टिक, टिक. दोन्ही टोकांना आणि आडवे-उभे माप घेतले तरी समाधान नाही.

"मिस्त्री, गोल तर हाय. आता कामून फिरवायलात?"

"गोल दिसायलाय. हाय का नाही, तेच बघायलोय."

यात तथ्य आहे. सेंटरलेस ग्राइंडरवरून आलेली एखादी पिन तीन पाकळ्यांची निघते. मायक्रोमीटरला ते कळत नाही, कारण ती कुठूनही धरा, रुंदी सारखीच भरते. व्ही-ब्लॉकवर, म्हणजे व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यावर, ठेवून फिरवली आणि डायल लावला की काटा नाचू लागतो आणि सोंग उघडे पडते. हा शोध मिस्त्रींनी आयुष्याला इतका लावून घेतला आहे की, भाचीला पाहायला आलेला मुलगा कसा वाटला असे बहिणीने विचारले, तेव्हा ते म्हणाले, "फिनिशिंग चांगलंय. व्ही-ब्लॉकवर घ्यावा लागंल." लग्न पुढे झाले, पण जावई अजून त्यांच्या समोर बसत नाही.

फिनिशिंग तपासायला त्यांच्याकडे यंत्र नाही. इंग्लंडच्या टेलर हॉब्सनने खडबडीतपणा मोजणारे टॅलीसर्फ 1941 सालीच काढले. मिस्त्रींकडे नख आहे, आणि निजामाच्या काळातले तांब्याचे एक नाणे. नाणे जर्नलवर ओढायचे. तांब्याची रेघ उमटली तर जर्नल खरखरीत, पुन्हा पॉलिश. "लायनरपण आरशावानी चकचकीत करा" असे कोणी म्हणाले, तर मात्र त्याला बाकावर बसवून, चहा पाजून झापतात. लायनरच्या, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो त्या नळीच्या, आत होनिंगच्या तिरक्या रेघा लागतातच. त्या नसतील तर ऑइल थांबणार कुठे?

ग्राइंडरवरून उतरलेला शाफ्ट ते लगेच मोजत नाहीत. शाफ्ट आणि मायक्रोमीटर रात्रभर शेजारी ठेवून दोघांचे तापमान एक करतात. 60 मिलिमीटरचा जर्नल 20 अंश जास्त गरम असेल, तर 14 मायक्रॉनच्या आसपास फुगलेला असतो. म्हणजे शेतकऱ्याचा मुक्काम ठरलेला. तो एसटी स्टँडवर झोपतो आणि मिस्त्रींच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो.

याच गावात एनआरबीच्या कारखान्यात बेअरिंग बनतात, तिथे असल्या मापांचे कौतुक कोणाला नाही. मिस्त्रींनी ती शिस्त पत्र्याच्या शेडमध्ये आणली, हा त्यांचा गुन्हा.

समोरचे दुकान क्रँक दोन तासांत देते. पाणी आजच सोडायचे असेल तर खुशाल तिकडे जा. पुढच्या हंगामात इंजिन ठोकू लागले की मिस्त्रींकडेच यावे लागेल. तेव्हा रात्रीचे अंथरूण बरोबर आणा.