विथ ड्यू रिस्पेक्ट

सप्टेंबरात गणपतींच्या आगेमागे हाउसिंग सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा येते. 30 सप्टेंबरच्या आत ती उरकायचा सहकार कायद्याचा दंडक असल्यामुळे सेक्रेटरी महिन्यातला शेवटचा रविवार धरतो. ठरल्या वेळी कोरम भरत नाही. मग सभा अर्धा तास तहकूब होते आणि उपविधींच्या कृपेने कोरमवाचूनच पुन्हा भरते. मागच्या सभेचं इतिवृत्त, ताळेबंद, टाकीची सफाई, इथवर कारभार मराठीत चालतो. पार्किंगचा विषय निघाला की सभासद इंग्रजीत शिरतात.

भांडायला मराठी पुरते. सभ्यपणे भांडायचं असलं की इंग्रजी लागते. पहिला बार ‘विथ ड्यू रिस्पेक्ट’चा. विलायतेतले बॅरिस्टर न्यायमूर्तींना ‘आपण चुकताय’ हे सांगण्याआधी हे शब्द वापरतात. आमच्या सभेत त्यांचा अर्थ आणखी नेमका झाला आहे. सोसायटीच्या हिशेबात ‘ड्यूज’ म्हणजे थकबाकी. तेव्हा ‘ड्यू रिस्पेक्ट’ म्हणजे जो आदर द्यायचा होता, पण अजून भरलेला नाही. 2014 च्या आदर्श उपविधींनी मेंटेनन्सच्या थकबाकीवर 21 टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लावायची मुभा दिली. आदराच्या थकबाकीवर दमडी लागत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं पुढे ओढली जाते.

यानंतर ‘रीझनेबल’. रीझन म्हणजे तर्क, विवेक. पण बाजारातून घरी येईपर्यंत विवेकाची किंमत उतरली आणि ‘रीझनेबल’चा अर्थ ‘स्वस्त’ झाला. साडी रीझनेबल मिळते, थाळी रीझनेबल असते. माणूस रीझनेबल असतो तो फक्त आपल्या बाजूने हात वर करतो तेव्हा. गेल्या सभेत तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी दोन गाड्यांसाठी दोन जागा मागितल्या आणि ‘माझी डिमांड अगदी रीझनेबल आहे’ म्हणाले. सोसायटीत जागा किती आणि गाड्या किती, हे विचारणारा पहिल्या मजल्यावरचा मुलगा अर्थातच ‘अनरीझनेबल’ ठरला. सेक्रेटरीने त्याला दोन मिनिटांत बसवलं, तेव्हा त्याने भाषणस्वातंत्र्याचा मुद्दा काढला. काकाही तयारीचे. ‘रीझनेबल रिस्ट्रिक्शन्स!’ ते गरजले. शब्द घटनेतलाच आहे, पण 1950 साली भाषणस्वातंत्र्यावरच्या निर्बंधांना ‘रीझनेबल’ असण्याची अट नव्हती. ती 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने घातली. निर्बंध घालणाऱ्याने मर्यादेत राहावं म्हणून आलेला शब्द काकांनी दुसऱ्याचं तोंड बंद करायला वापरला. घटनेच्या मराठी पाठात तिथे ‘वाजवी’ आहे, आणि ‘वाजवी दरात’ अशी पाटी पाहिली की आपण खिसा चाचपतो, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

‘रॅशनल’ हा शब्द मात्र सभेत क्वचित येतो. हा आणि ‘रेशन’ एकाच लॅटिन आईची लेकरं. दोन्ही मोजून मिळतात आणि आपला नंबर येईस्तोवर दुकान बंद झालेलं असतं.

‘मॅनर्स’चं तसं नाही. त्यांचा साठा मुबलक आहे, कारण ते कुणी वापरतच नाही. हा शब्द मराठीत नकारार्थीच चालतो. ‘मॅनर्स आहेत’ असं वाक्य मी अजून ऐकलेलं नाही. ‘मॅनर्स नाहीत’ हे रोज ऐकतो, आणि ते नेहमी शेजारच्यांच्या मुलांना नसतात. या शब्दाचं मूळ लॅटिन ‘मानुस’पर्यंत पोचतं. आपला माणूस नव्हे. मानुस म्हणजे हात. त्यामुळे मॅनर्सचा विषय निघाला की सभा हातघाईवर येते, याला व्युत्पत्तीचा भक्कम आधार आहे.

राहता राहिलं ‘सॉरी’. हा शब्द धक्का देण्याच्या पुष्कळ आधी उच्चारला जातो. ‘सॉरी टु से’ म्हणून जे सुरू होतं, त्यात वाईट वाटल्याचा अंशही नसतो. मराठीत ‘दिलगीर’ आहे, पण तो रेल्वेच्या उद्घोषणेला दिलेला. ‘क्षमस्व’ खोदलेल्या रस्त्यावरच्या पाटीवर आणि ‘कृपया’ एसटी स्टँडावर. उरलेल्या मराठी माणसाने ‘अहो, जरा सरकता का?’ यावर पिढ्यान्‌पिढ्या काम भागवलं. त्यातलं ‘अहो’ आणि ‘जरा’ मिळून जेवढं अदबीचं काम करतात, तेवढं काकांच्या अख्ख्या इंग्रजी भाषणाने केलं नाही.

पार्किंगचा ठराव अखेर पुढच्या सभेवर ढकलला गेला. सूचक काका, अनुमोदक काकांचेच जावई. इतिवृत्तात सेक्रेटरीने लिहिलं: ‘चर्चा खेळीमेळीच्या वातावरणात झाली.’

तर सभासदहो, यंदा सभेला जरूर या. येताना मेंटेनन्सची पावती आणा, आणि ‘विथ ड्यू रिस्पेक्ट’ कानावर पडताच पुढची रांग सोडून मागे बसा.