सोबत दोन झेरॉक्स आणाव्यात

करमाडसारख्या गावात सेवाभावी संस्था काढायला भांडवल लागत नाही, माणसं लागतात. किमान सात. 1860 चा संस्था नोंदणी कायदाच तसं सांगतो. आकडा इंग्रजांनी आपल्याकडे बघूनच ठरवला असावा. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, कोषाध्यक्ष अशी पदं वाटली की दोघं नुसते सदस्य उरतात आणि तेच दोघं रुसतात. मग एकाला 'मार्गदर्शक' करतात, दुसऱ्याला 'प्रसिद्धिप्रमुख'. सेवा सुरू व्हायच्या आधीच सात जणांची सोय लागलेली असते.

पुढचं ठरलेलंच. लेटरहेड छापायचं, गाडीच्या मागच्या काचेवर 'संस्थापक अध्यक्ष' चिकटवायचं, जालना रोडला फ्लेक्स लावायचा. फ्लेक्सवर एकोणीस चेहरे आणि खाली बारीक अक्षरात: गरजूंनी आधार कार्ड, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि पासपोर्ट फोटो घेऊन यावे, सोबत दोन झेरॉक्स आणाव्यात. मिळणार काय, तर पाच किलो गहू, एक तेलाची पिशवी आणि फोटोत मागच्या रांगेत उभं राहायची संधी. झेरॉक्सचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे.

ही सवय आपल्याला सरकारने लावली, हे मान्य. संजय गांधी निराधार योजनेत विधवेला महिन्याला 1,500 रुपये मिळतात. त्यासाठी कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 21,000 च्या आत पाहिजे. म्हणजे महिन्याला 1,750. खुरपायला जाणारी बाई आठवड्याभरात तेवढं कमावते. दुसऱ्या आठवड्यात तिने खुरपं हातात धरलं की कागदोपत्री ती निराधार राहत नाही. दाखला मागणारी, लिहिणारा आणि सही करणारा, तिघांनाही आकडा कसा बसवलाय ते ठाऊक असतं. खोटं बोलल्याशिवाय या राज्यात गरीबही होता येत नाही. शेतकऱ्याने आत्महत्या केली तरी समिती बसते आणि त्याचं मरण 'पात्र' की 'अपात्र' ते ठरवते. पात्र ठरलं तर लाख रुपये, त्यातले 30 हजार हातात आणि 70 हजार ठेवीत. अपात्र ठरलं तर काय, हे आमच्या मराठवाड्यात कुणी विचारत नाही. सगळ्यांनी बघितलेलं आहे.

आता उलट करून बघा. गरजूने संस्थेकडे दोन झेरॉक्स मागाव्यात. पहिली धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदणीची, दुसरी गेल्या वर्षाच्या लेखापरीक्षण अहवालाची. विश्वस्त बदलला तर 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, हिशेब दरवर्षी तपासून घ्यावे लागतात. नोंदणी नसताना वर्गणी गोळा करायची असेल तर सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम 41-क खाली परवानगी लागते. गणपतीत गल्लीतल्या बारक्या पोरांनाही हे माहीत असतं. संस्थापक अध्यक्षांना मात्र हिशेब विचारला की त्यांच्या निष्ठेवर संशय घेतल्यासारखं वाटतं. विधवेने दाखला आणायचा, आणि अध्यक्षांवर विश्वास ठेवायचा.

दुसरी रीत लांब शोधायला जायला नको. इथून वीसेक किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगर शहरातल्या बायजीपुऱ्यात, 2015 च्या डिसेंबरात युसूफ मुकाती यांनी रोटी बँक सुरू केली. खातेदाराने घरून ताज्या दोन रोट्या आणि भाजी आणून जमा करायची, ज्याला गरज आहे त्याने घेऊन जायची. भूक असूनही स्वाभिमानापोटी जे हात पसरत नाहीत, ते डोळ्यासमोर होते. दोन रोट्या जास्तीच्या लाटायला मार्गदर्शक लागत नाही.

पण रोटीनेच सगळं भागतं असंही नाही, आणि हे करमाडला कुणी वेगळं सांगायला नको. टाळेबंदीत, 8 मे 2020 ला पहाटे, बदनापूर-करमाड दरम्यान मालगाडीखाली 16 मजूर गेले. जालन्याच्या स्टील कारखान्यातले, मध्य प्रदेशचे. भुसावळला गाडी मिळेल म्हणून रुळारुळाने चालत निघाले होते. रुळावर विखुरलेल्या त्यांच्या पोळ्यांचे फोटो देशभर फिरले आणि लोकांनी अन्नदानाचे संकल्प सोडले. पोळ्या तर त्यांच्याजवळ होत्याच की! नव्हती ती घरी जायची गाडी. त्या महिन्यात गावोगाव किटं वाटली गेली, वाटणाऱ्यांचा हेतूही चांगला होता. पण तुम्हाला काय पाहिजे, एवढा प्रश्न किती जणांनी विचारला? किट आधी भरून ठेवलेलं असतं, गरज नंतर शोधतात.

शेंद्रा एमआयडीसीत कामाला आलेली परप्रांतीय कुटुंबं आजही करमाड-कुंभेफळकडे खोल्या करून राहतात. त्यांचं गावाकडचं रेशन कार्ड इथल्या दुकानात चालायला पाहिजे. एक देश एक रेशन कार्डाची सुरुवातच 2019 च्या ऑगस्टात ज्या राज्यांपासून झाली, त्यांत महाराष्ट्र होता. पण मशीनवर अंगठा उमटत नाही, दुकानदार 'नंतर या' म्हणतो, आणि नंतर यायचं तर रोज बुडतो. तिथे सोबत जाऊन दुकानदाराशी हुज्जत घालणारा एक माणूस दहा किटांना भारी पडेल. दुसऱ्याने म्हातारीचा निराधारचा अर्ज घेऊन तहसीलला खेटे घालायचे. तिसऱ्याने आत्महत्या 'अपात्र' ठरलेल्या शेतकऱ्याच्या घरी जाऊन बसायचं आणि पोरांची शाळेची फी, सावकाराचं देणं, जमिनीवरचं नाव यातलं आधी काय निस्तरायचं ते नुसतं ऐकून घ्यायचं. चौथ्याने आलेल्या-गेलेल्या पैशांचा कागद दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर डकवायचा.

सात जणांची गरज खरं तर इथे आहे. अडचण एकच. यातल्या एकाही कामाचा फोटो चांगला येत नाही.